भूल उतरताना

बसवनगुडी, बेंगळूरु
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजू अण्णा,

नमस्कार. कावेरी वहिनींना नमस्कार आणि सुखदाला पापा. आम्ही सगळे खुशाल आहोत, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचता वाचता तू शेवटचं पान उलटून माझी सही बघशील.

इकडे थंडी सरली. गांधी बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग संपत आलेत. माझ्या कॉलेजात सेकंड पीयूसीच्या बोर्डाच्या परीक्षेची धांदल आहे आणि मुलं आनुवंशिकतेचा धडा आला की अजून जांभया देतात. सुरजचं ऑफिस हेब्बाळला गेलंय. तो सकाळी सातला निघतो आणि फ्लायओव्हरखाली अडकला की मला फोटो पाठवतो. आप्पाजींनी आता येलहंक्याचं आपलं घर बंद ठेवलंय, ते माझ्याकडेच असतात. गुडघे सोडले तर तब्येत ठीक. सकाळी ब्यूगल रॉकपर्यंत चालून येतात, कन्नड पेपर वाचतात आणि मराठीत त्यावर रागावतात.

माझं एक छोटं ऑपरेशन झालं. पित्ताशयात खडे होते. संक्रांत झाल्यावर करून घेतलं. दुर्बिणीतून करतात हल्ली, दुसऱ्या दिवशी घरी. असं ठरलं होतं खरं, पण मी चौथ्या दिवशी घरी आले.

झालं असं की ऑपरेशन वेळेत संपलं, आणि मला श्वास घेता येईना. मला हे कळत होतं अण्णा. भूल उतरली होती, पण हातपाय, पापण्या, छाती, काहीच माझं ऐकत नव्हतं. घशात नळी, मशीन श्वास देतंय, आणि मी आत जागी. ओरडायचंय आणि ओठ हलत नाहीत. कुणीतरी म्हणालं, "अजून उठत का नाही ही?" तेवढ्यात भूलतज्ज्ञ डॉक्टर स्मिता आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "हेदरबेडी अश्लेषा, घाबरू नका. तुम्हाला ऐकू येत असणार. एक औषध उतरायला वेळ लावतंय. तोवर मशीन तुमच्यासाठी श्वास घेतंय आणि मी इथून हलत नाही." मग त्यांनी मला पुन्हा झोपेचं औषध दिलं. बऱ्याच तासांनी मी आपली आपण श्वास घ्यायला लागले. त्या खरंच हलल्या नव्हत्या.

बाहेर त्यांनी सुरजला विचारलं, "तुमच्या लोकांत लग्नं आपापसात होतात का?" तो भडकलाच. बायको आत मशीनवर आणि ही बाई जातीची चौकशी करतेय! मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, घरात आधी कुणाला भूल दिल्यावर असा त्रास झाला होता का. सुरज म्हणाला, ठाऊक नाही. आप्पाजी बाकावर बसले होते. तेही म्हणाले, ठाऊक नाही.

ते असू दे.

वहिनींनी मला सांगितलं की तुझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, सुखदाची परीक्षा झाली की. वहिनींवर चिडू नकोस, त्या मला अधूनमधून फोन करतात. तू फोन उचलत नाहीस, पण पत्र वाचतोस, असंही त्यांनीच सांगितलं. म्हणून हे लिहितेय. ऑपरेशनच्या आधी रक्ताची एक तपासणी करून घे. तिचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलंय. शिवमोग्ग्यात होत नसेल तर नमुना इकडे पाठवतात. आणि तुझ्या भूलतज्ज्ञांना माझं काय झालं ते सांग.

एवढं कर. कारण सवडीनं लिहीन.

तुझी,
आशू


बसवनगुडी
२३ मार्च २०२५

प्रिय अण्णा,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, पण तुझ्या अक्षरातल्या. "आमच्या डॉक्टरांनी अशी तपासणी सांगितलेली नाही. कारण काय? तू खरंच बरी आहेस ना?" मी खरंच बरी आहे. भोकं भरली, आता तूप सोडून सगळं खाते.

कारण सांगते. लांबण लागेल, मास्तरीण आहे मी.

घशात नळी घालायच्या वेळी स्नायू सैल करणारं एक औषध देतात. बहुतेकांच्या रक्तात ते मोडणारं एक एन्झाइम असतं, त्यामुळे ते काही मिनिटांत उतरतं. माझ्या रक्तात ते एन्झाइम नीट बनतच नाही. ज्या जनुकावरून ते बनतं त्याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्या दोन्ही बिघडलेल्या रूपातल्या आहेत. एकच बिघडलेली असेल तर सहसा काही कळतही नाही, आयुष्य निघून जातं. असे लोक म्हणजे वाहक.

बाहेर हे हजारोंत एखाद्याचं असतं. पण स्मिता डॉक्टरांना संशय आला, कारण पूर्वी त्यांच्या टेबलावर आपल्याच लोकांतले एक गृहस्थ असेच झोपून राहिले होते. आडनाव वेगळं, पण घरात बोलतात ती अशीच कानडी मिसळलेली मराठी. त्या म्हणाल्या, "योगायोग असेल. पण मला तपासून बघायचंय."

सुरजला हे काही पटेना. "तीनशे-साडेतीनशे वर्षं आपण इथे आहोत. एवढं वाईट जनुक असतं तर निसर्गानं कधीच काढून टाकलं असतं ना?" अगदी माझ्या वर्गातल्यासारखा प्रश्न. म्हणून त्याला मी वर्गातलाच खेळ दाखवला. तुलाही सांगते.

एका मोठ्या डब्यात पांढरी चवळी असते आणि तिच्यात मूठभर लाल. प्रत्येक गटानं डोळे मिटून दहा दाणे घ्यायचे. हे दहा दाणे म्हणजे मराठ्यांच्या फौजेबरोबर इथे आलेली आणि इथेच राहिलेली घरं. बहुतेक गटांच्या हाती लाल दाणा येतच नाही. यंदा चंदना नावाच्या मुलीच्या हाती दोन आले. मग पुढची पिढी. पिशवीतून एक दाणा काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा, असं दहा वेळा. जे रंग आले तेवढे दाणे नव्या पिशवीत. पुन्हा तेच. दुसऱ्या एका गटाला एकच लाल मिळाला होता, तो तिसऱ्या पिढीत नाहीसा झाला. चंदनाचे दोनाचे तीन झाले, मग दोन, मग चार, शेवटी निम्मी पिशवी लाल. ती बिचारी घाबरून म्हणाली, "मॅडम, मी काही केलं नाही!"

मी म्हटलं, तू काहीच केलं नाहीस, हाच तर धडा आहे. पिशवी लहान असली की नुसत्या नशिबानं रंगाचं प्रमाण पिढ्यांगणिक सरकत जातं. कुणी निवडत नाही. कुणी चुकत नाही.

आपली पिशवी लहान होती अण्णा. म्हणतात चाळीसेक घरं आली. त्यांतल्या कुणा एकाकडे हा लाल दाणा असणार. मग आपण आपापसातच लग्नं केली. मामाला भाची दिली, आत्याच्या घरी सून धाडली. आपली आईच बघ ना, आप्पाजींच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. मालनबाई आपली आजीही आणि आत्याही. अशा घरांत दोन लाल दाण्यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

आणि निसर्गानं ते काढलं का नाही? अरे, कशासाठी काढेल? तीनशे वर्षांत आपल्यापैकी कुणाला ते औषध दिलंच कुणी नव्हतं. माणसं शेती करत होती, पेठेत दुकानं चालवत होती, म्हातारी होऊन मरत होती. ते औषध दवाखान्यात येईपर्यंत हा दोष दोष नव्हताच. कुणी मेलं नाही, म्हणून काही घटलं नाही.

हे सगळं मी तुला शांतपणे लिहितेय, पण शांतपणे घडलं नाही. समाजाच्या हॉलमध्ये रक्त तपासणीचं शिबिर ठेवलं तेव्हा वादावादीच झाली. "आमच्या रक्तात खोट आहे असं लिहून देणार का तुम्ही? पोरींची लग्नं कोण करील?" डॉक्टर स्मिता पुन्हा पुन्हा सांगत होत्या की यानं कुणी आजारी पडत नाही, फक्त ऑपरेशनच्या आधी सांगायचं, एवढंच. कुणी ऐकेना. दोघी तर मुलींना दंडाला धरून दाराकडे निघाल्या.

तेव्हा मालन आजी उठली. आता पंच्याऐंशीची आहे, ऐकू स्वल्पच येतं, पण आवाज तोच. काठी टेकत पुढे आली, खुर्चीत बसली आणि बाही वर केली.

"डॉक्टरबाई, हिचा श्वास बंद झाला, तो रक्तामुळे, असं म्हणता ना तुम्ही?"

"हो अज्जी."

"मग माझी महानंदा कशानं गेली ते यातून कळत असेल तर सगळं रक्त काढून घ्या."

दाराशी गेलेल्या दोघी परत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

मी तुला मागच्या पत्रात आईचं नाव लिहिलं नव्हतं. लिहायला बसले की हात थांबायचा. या घरात कुणी तिच्या जाण्याबद्दल बोलत नाही, तू गेल्यापासून तर नाहीच. पण आजीनं सगळ्यांदेखत बोलून टाकलं, आता मी तरी किती थांबू.

तू तपासणी केलीस का? तेवढं आधी कळव.

तुझी,
आशू


बसवनगुडी
१८ एप्रिल २०२५

प्रिय अण्णा,

तुझा रिपोर्ट वहिनींनी पाठवला. दोन्ही प्रती बिघडलेल्या. माझ्यासारखाच. फोनवर तो बघितला आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. तू पुढच्या आठवड्यात त्या टेबलावर काहीच न सांगता झोपणार होतास.

आता घाबरायचं कारण नाही. डॉक्टर स्मिता तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोलल्या आहेत. ते औषध टाळायचं, दुसरी आहेत. त्या म्हणाल्या, माहीत असलं की यात काहीच अवघड नाही. सुखदाकडे एक प्रत असणारच, तुझ्याकडे द्यायला दुसरी नाहीच. पण वहिनी म्हैसूरच्या, त्यांच्या घराची पिशवी निराळी, त्यामुळे सुखदाला धोका नसल्यासारखाच. तिला मोठेपणी सांगून ठेव. आपल्याकडची मुलं-मुली हल्ली बाहेर लग्नं करतात, त्यांचंही असंच होईल. लाल दाणे कमी होणार नाहीत, नव्या माणसांत पसरत जातील आणि एकमेकांना क्वचितच गाठतील. तू बाहेरची मुलगी केलीस म्हणून आप्पाजी दोन वर्षं कुणाशी धड बोलले नव्हते, ते आठवून मला हसू आलं. मी त्यांना तसं म्हटलंही. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

शिबिराचे निकाल आलेत. आपल्यात पाचांतला एक वाहक आहे. मालन आजीकडे एक प्रत आहे. आईचा धाकटा भाऊ विश्वेश्वर मामा, त्याच्याकडे दोन्ही. आप्पाजींकडे एक.

आता आईचं लिहिते.

आईचं रक्त तर आपल्याकडे नाही. पण डॉक्टर स्मितांनी आप्पाजींना आणि मला बसवून सगळं विचारलं. गर्भाशयाच्या गाठीचं साधं ऑपरेशन. नीट झालं, डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलंसुद्धा. मग नळी काढली आणि तिनं श्वास घेतला नाही. दवाखाना छोटा, मशीन नाही. अँब्युलन्स येईपर्यंत हातानं हवेची पिशवी दाबत राहिले आणि वाटेतच संपलं. स्मिता डॉक्टर म्हणाल्या, "शंभर टक्के सांगता येणार नाही. पण भावाला दोन प्रती, मुलांना दोन-दोन. मला दुसरं काही पटत नाही." तिथल्या लोकांना हे कळण्याचा काही मार्ग नव्हता, असंही त्या म्हणाल्या.

मग आप्पाजींनी विचारलं, "माझ्याकडची एक प्रत आशूला गेली, एक मंजूला?"

"हो सर."

"आणि मी म्हणत होतो तसं दिवाळीनंतर मोठ्या हॉस्पिटलात नेली असती तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "औषध बहुधा तेच दिलं असतं. पण मोठ्या ठिकाणी मशीन असतं. वाचण्याची शक्यता जास्त होती."

घरी येताना ऑटोत आप्पाजी मला म्हणाले, "शेवटचं ते मंजूला सांगू नकोस."

अण्णा, मी सांगतेय. कारण तू इंजिनिअर माणूस, माझं पत्र खाली ठेवायच्या आधीच तुला हा प्रश्न पडेल, आणि आशूनं तेवढंच वगळलं हेही तुझ्या लक्षात येईल. मशीन असतं तर कदाचित आई राहिली असती. हे खरं आहे. आणि तू तिला जवळच्या दवाखान्यात नेलंस, ऑफिसचा विमा नवा होता, दोन दिवसांत घरी आणतो म्हणालास, तेव्हा तिथे मशीन आहे का हे विचारायचं असतं हे तुला ठाऊक नव्हतं, हेही खरं आहे. आप्पाजींना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही तिच्या रक्तातलं ठाऊक नव्हतं. तुला जे दिसत होतं ते एवढंच, की आई वर्षभर दुखणं अंगावर काढतेय आणि कुणी तिला नेत नाही.

तेराव्याला सगळ्यांच्या देखत आप्पाजी तुला म्हणाले, "तुझ्या घाईनं नेलं तिला." मी तेव्हा शाळकरी होते, दाराआड उभी होते. तू ताट ठेवून उठलास. ते ताट मी उचललं.

परवा आप्पाजी स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसले. मी पेपर तपासत होते. म्हणाले, "तो दवाखाना तिनंच निवडला होता."

मला काही कळेना. "कुणी?"

"महानंदानं. मला म्हणाली होती, लांब नको, जवळचा बरा, तुम्हाला डबा आणायला गुडघ्यांचा त्रास नको. मंजूला मोठ्या ठिकाणीच न्यायचं होतं आधी. तिनं त्याला गप्प केलं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशी तसं का बोललात?"

ते खिडकीकडे बघत होते. "कुणावर तरी ओरडायचं होतं ग. तिच्यावर ओरडता येत नव्हतं. पोरगा समोर होता." मग म्हणाले, "आणि तो उलटून बोलला नाही. 'आईनंच सांगितलं' असं एकदा म्हणाला असता तर मी तिथेच थांबलो असतो. आईवर घ्यायचं नाही म्हणून गप्प राहिला तो. मला कळत होतं."

तू कधी मलाही सांगितलं नाहीस, अण्णा. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

मी त्यांना म्हटलं, हे तुम्हीच लिहा त्याला. त्यांनी कागद घेतला, दोनदा लिहून फाडला. म्हणाले, लिहिण्यात ते येत नाही. मग सकाळी चालायला जातो म्हणून बाहेर पडले ते सुरजबरोबर यशवंतपूरला जाऊन तिकीट काढून आले. मंगळवारच्या सकाळच्या गाडीचं. एकट्याचं. मी येते म्हटलं तर नको म्हणाले.

"तिथे जाऊन काय बोलणार?" मी विचारलं.

"काही नाही. ऑपरेशन चालू असेल तोवर बाहेर बसेन. महानंदाच्या वेळी मी कारखान्यात ड्यूटीवर होतो. बाहेर तो एकटा बसला होता."

हे ऐकल्यापासून मी त्यांच्याशी भांडणं सोडून दिलंय. पिशवी भरून दिलीय, गुडघ्याच्या गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत, दोन वेळा घ्यायच्या असतात, वहिनींना सांग. गाडी शिवमोग्ग्याला दुपारच्या आत पोचते. स्टेशनवर तू गेलास तर बरं. नाही जमलं, किंवा जावंसं नाही वाटलं, तरी मी त्यांना तुझा पत्ता पाठ करून घेतलाय, ऑटोनं येतील. दार उघडशील ना, एवढंच विचारायचं होतं. हे पत्र कुरियरनं पाठवतेय, म्हणजे त्यांच्या आधी पोचेल.

बुधवारी भूल उतरल्यावर तुला आधी कुणाचा तरी खोकला ऐकू येईल. ते आप्पाजी असतील. त्यांना आत बोलावून घे. बोलायचं काही नसलं तरी.

आईचीही आणि आप्पाजींचीही, तुझ्याइतकीच,
आशू